ओटी भरायला आलेली बाई

गेल्या नवरात्रात मी देवीशी भांडायला गेले होते. दादाचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. तो वाचला, पण डॉक्टरांनी सांगितलं, हा कर्करोग तुमच्या रक्तातूनच आलाय, घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या. आमचे बाबा आणि धाकटे काका, दोघेही पन्नाशीच्या आत पोटाच्याच दुखण्याने गेले. गावाकडे म्हणायचे, घराण्यावर देवीचा कोप आहे. मीही तेच मानत आले होते.

याच काकांची मुलगी प्राजक्ता मला पाठच्या बहिणीसारखी. तिची रक्ततपासणी करू या म्हणून मी मुलुंडला काकीकडे गेले, तर काकीने मला जवळजवळ हाकललंच. प्राजूचं लग्न ठरलेलं. "चेडवाचा लग्न मोडला तर? परत हो विषय काढू नको," म्हणाली. माझी स्वतःची तपासणी करायचीही मग छाती होईना.

चारकोपच्या आमच्या देवळात अष्टमीला ही रांग! मी मनातल्या मनात देवीला विचारत होते, कोपच करायचा होता तर तुझी पूजा करणारं घर कशाला निवडलंस? तेवढ्यात माझ्या पुढे उभी असलेली बाई फोनवर एकदम ओरडली, "अगं, आतडं स्वच्छ! एकच गाठ होती, साधी, तिथल्या तिथे काढली!" आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. तिच्या हातात खण-नारळ होता, चेहरा नुसता फुललेला. मी तिचा हातच धरला. "ताई, तुमच्याकडे पण आहे का हे? घराण्यात?"

"आहे ना! आई, मामा, बहीण, मी," ती म्हणाली. "दर वर्षी दुर्बिणीने आतड्याची तपासणी करून घेते आणि मग हिची ओटी भरते. तुमच्याकडे कोण?"

रांग पुढे सरकत राहिली आणि मी रडत रडत सगळं सांगत राहिले. गाभाऱ्यापाशी पोहोचलो तेव्हा देवीकडे काय मागायचं होतं तेच मी विसरले. बाहेर आल्यावर त्या ताई म्हणाल्या, "रविवारी घाटकोपरला या. आपल्यासारखी घरं जमतात तिथे. आणि काकींना घेऊनच या."

काकी कशी आली ते देवीलाच ठाऊक. प्राजूनेच हट्ट धरला असावा. तिथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही घाबरत शिरलो, तर आत हशा चाललेला! तपासणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते औषध पिताना कोणाची कशी वाट लागली, याचे किस्से. कोणी म्हणे लिंबू पिळा, कोणी म्हणे नाक दाबून प्या. एक समुपदेशक मॅडम समजावत होत्या, की हा दोष आईबापांपैकी एकाकडे असला तरी प्रत्येक मुलात उतरतोच असं नाही. ज्याच्यात उतरला त्याने वेळेवर तपासत राहायचं. काकी भिंतीकडे तोंड करून बसली होती. ओटीवाल्या ताई तिच्याजवळ जाऊन बसल्या. "काकी, माझ्या बहिणीचंही लग्न ठरलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून आम्ही थांबलो. लग्न झालं थाटात. ती राहिली नाही."

 निघताना काकीनेच मॅडमना विचारलं, "रक्त कधी देवचा?"

प्राजूने होणाऱ्या नवऱ्याला स्वतः सांगितलं.  दोन दिवस आमचा जीव टांगणीला. मग आला आणि म्हणाला, "तपासणीला सोबत कोणीतरी लागतं ना? मी येतो." प्राजूबरोबर मीही रक्त दिलं. दोष तिच्यातही निघाला आणि माझ्यातही. माझं आतडं स्वच्छ निघालं. प्राजूच्या आतड्यात गाठ होती. अजून बिघडलेली नव्हती, त्याच वेळी काढून टाकली. "आणखी काही वर्षं राहिली असती तर..." डॉक्टर म्हणाले. मी हॉस्पिटलच्या बाकावरून उडी मारून उठले, काकीला मिठी मारली, आणि दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो.

देवळात अष्टमीला तीच बाई माझ्या पुढे का होती, फोन नेमका तेव्हाच का आला, याचा हिशेब मी लावत नाही. रक्तातला दोष काढून टाक, असं मी देवीला कितीदा विनवलं होतं. तो आहे तिथेच आहे. पण आता मला तिचा कोप वाटत नाही. हा देह तिनेच दिलाय, त्याची काळजी घ्यायची बुद्धी आणि सोबतीला माणसंही तीच देते. आपण फक्त "नको" म्हणणं सोडायचं. मला तर शरण जाणं एवढंच कळलंय.

काल काकीकडे गेले तर ती गावच्या पुतण्याशी फोनवर तावातावाने बोलत होती. तोही तपासणी टाळत असावा. "कोप बीप काय नाय रे!" काकी कडाडली. "गपचूप मुंबैक ये. नाय तर मीच येतंय तुका न्हेवक!"