तळहातावरचं पान

दिल्ली कँटमध्ये आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये सुनयना राहते. नवरा फौजेत हवालदार, माहेर तासगावकडचं, शिक्षण बीएस्सी अ‍ॅग्री. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या बाईला नोकरी देतं कोण? कितीतरी अर्ज केल्यावर तिला एका कंपनीचं घरबसल्या काम मिळालं. शेतकरी मोबाइलवर पिकाच्या पानाचा फोटो पाठवतात आणि ती रोग ओळखून औषध सांगते. दारात तुळशीपुरती माती, पण बाई दिवसभर द्राक्षबागेत.

तिच्या वडिलांना, शहाजीअण्णांना, लेकीच्या घरी उगाच फोन करणं पटायचं नाही. जावयाला काय वाटेल, म्हणायचे. कामाचं निमित्त मात्र चालायचं. म्हणून तेही आपल्या बागेतलं पान तळहातावर ठेवून फोटो पाठवायचे. पान धडधाकट असायचं.

"अण्णा, पान एकदम ठीक आहे. फवारणी नको," ती लिहायची. बापलेकीचं बोलणं तेवढंच.

दिवाळीनंतर हे फोटो वाढले. मग एक दिवस भावाचा फोन आला, अण्णा गेले. कावीळ अंगावर काढली होती, लेकीला कळवू दिलं नव्हतं. मला त्या माणसाचा अजून राग येतो.

गावाहून परतल्यावर सुनयनाने ते सगळे फोटो मला ओळीने दाखवले. प्रत्येक फोटोत पान हिरवंगार होतं. त्याच्याखालचा तळहात पिवळा होत गेला होता.