पाटावर बसणाऱ्या मुलीचा कॅलिपर

वानखडेबाबू पाय बघायच्या आधी तळहात बघायचे. पोलिओ झालेलं मूल समोर आलं की आईबाप घाईघाईने त्याचा पाय उघडा करून दाखवायचे. बाबू तिकडे ढुंकूनही न बघता म्हणायचे, ‘‘हात दाखव, माय.’’ मग चष्मा कपाळावर चढवून दोन्ही तळवे असे न्याहाळायचे, की नवख्या माणसाला हा भविष्य सांगणारा वाटावा.

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात ते मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. मुलांची मापं घेणं आणि त्यांच्या पायाला आधाराचा कॅलिपर बसवणं हे काम डॉक्टरांनी त्यांच्यावरच सोपवलेलं असायचं. साठ सालच्या आसपास नाना, म्हणजे माझे वडील, मला कडेवर घेऊन त्यांच्याकडे गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. डाव्या पायातली ताकद दोन वर्षांपूर्वीच्या तापात गेली होती. नाना वकील होते, आणि हरणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या दुकानातून तिथला सगळ्यांत भारी कॅलिपर मागवला होता. पायाच्या दोन्ही बाजूंना चकचकीत लोखंडी पट्ट्या, मांडीला चामड्याचा पट्टा आणि खाली पट्ट्यांनाच रिव्हेट मारून जोडलेला काळाभोर बूट. आला तेव्हा शेजारपाजारचे बघायला आले होते. पण तो घातला की माझा गुडघा ठणकायचा आणि मी भोकाड पसरायचे. कॅलिपरात खोट आहे की पोरीत, एवढंच नानांना विचारायचं होतं.

बाबूंनी माझे तळवे पाहिले. त्यांना घट्टे पडले होते. मग गुडघे पाहिले, तर तिथेही घट्टे. शेवटी बूट उलटा करून तळ पाहिला. तो जवळजवळ कोरा होता.

‘‘घरात कशी चालतं तू?’’ त्यांनी मला विचारलं. नाना उत्तर द्यायला लागले, तर हात वर करून त्यांना थांबवलं. वकिलाला असं थांबवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

मी खरं ते सांगितलं. घरात मी रांगायचे. कॅलिपरला बूट होता आणि बूट ओसरीच्या आत यायचा नाही. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पायताण बाहेर काढायचं असतं, हे आम्हाला चालायच्या आधी शिकवलेलं. शाळेत मला कडेवर नेऊन बसवायचे, परत आणलं की ओसरीवर कॅलिपरातून सोडवायचे आणि तो खुंटीला टांगायचे. मी हातागुडघ्यांवर आत. दिवसाचे सहा तास पाय सरळ आणि उरलेले अठरा वाकडा.

बाबूंनी मला टेबलावर झोपवून गुडघा हळूहळू दाबला. तो पूर्ण सरळ झाला नाही.  गुडघा असाच आखडत गेला तर वर्षभरात कोणताच कॅलिपर बसणार नाही, मग शस्त्रक्रिया, आणि तिचाही भरवसा नाही, असं बाबूंनी आवाज न चढवता सांगितलं. नाना पुटपुटले, की सगळ्यांत चांगला मागवला होता.

‘‘चांगलाच हाय, साहेब,’’ बाबू म्हणाले. ‘‘पन तो खुर्चीवर बसनाऱ्या पोरीचा हाय. तुमची पोरगी पाटावर बसते.’’

त्यांनी तो कॅलिपर ठेवून घेतला आणि रिव्हेट काढून टाकले. पट्ट्यांची टोकं वाकवून बुटाच्या टाचेत बसवलेल्या नळीत सरकतील अशी केली. म्हणजे एक बूट उपसून दुसरा घालता येणार. जुन्या शहरातल्या एका कारागिराकडून त्यांनी घरासाठी वेगळा बूट शिवून आणला. कापडाचा, रबरी तळाचा, रस्त्याची धूळ कधी न लागलेला. तो द्यायला ते स्वतः आमच्या घरी आले.

आता इथे थोडं स्पष्ट सांगायला हवं. बाबू बौद्ध होते. छप्पन साली दीक्षा घेतलेले. आमचं घर ब्राह्मणाचं. आईने त्यांची खुर्ची ओसरीवर मांडली. बाबू बसले, चहा घेतला, आणि माझ्या पायात तो बूट चढवला. आई दारात उभी होती. बूट कापडी असला तरी मांडीचा पट्टा चामड्याचाच, आणि आत देवघर, स्वयंपाकघर. तिने अडखळत विचारलं, हा बूट ओसरीच्या आतल्या सोप्यापर्यंतच नेला तर नाही का चालणार? 

‘‘बाई,’’ बाबू म्हणाले, ‘‘हा जोडा नाई. हा पाय हाय पोरीचा. पायाले कोनी भाईर ठेवते का?’’

 आई दारातून बाजूला सरली. मी भिंतीला धरून सोपा ओलांडला, स्वयंपाकघरात गेले आणि माठातलं पाणी उभ्याने घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. आईने पुढे त्या पट्ट्याला आपल्या जुन्या लुगड्याची खोळ शिवली. आत काय आहे ते देवाला दिसत नाही, असं तिने ठरवलं असावं. पुढच्या खेपेला बाबूंची खुर्ची तिने आत, सोप्यात मांडली. मी याचं अवडंबर माजवत नाही. एक खुर्ची चार हात आत सरकली, एवढंच. पण आमच्या घरात ती त्याआधी कधी सरकली नव्हती.

कॅलिपरच्या गुडघ्याशी असलेली कडी उठताना लावणं आणि बसताना सोडणं त्यांनी मला वीस-वीसदा करायला लावलं. आई मदतीला वाकली की म्हणायचे, ‘‘तुमी तिच्यासंगं कॉलेजात जाऊन बसनार हाय का?’’ कॉलेज हा शब्द माझ्या बाबतीत आमच्या घरात तोवर कुणी उच्चारला नव्हता. गुडघा सरळ व्हायला आठ महिने लागले. मी रडले, चिडले, एकदा त्यांना चावलेसुद्धा. त्यांनी हात झटकला आणि म्हणाले, ‘‘दात बरे हायेत. आता पाय पाहू.’’

पुढे त्यांची बदली अमरावतीला झाली. वाढत्या अंगाला दर दीड-दोन वर्षांनी नवा कॅलिपर लागायचा, म्हणून आम्ही तिकडे जात राहिलो. पंधराव्या वर्षी मी पहिल्यांदा एकटी एस.टी.ने गेले. बाबूंनी माझ्या मागे दाराकडे पाहिलं. कोणी नाही म्हटल्यावर चष्मा काढून पुसला आणि मापाची फीत माझ्या हातात दिली.

मी घाबरले. बाबू पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. कुठून कुठवर मोजायचं, बसून किती, उभं राहून किती, मांडीचा घेर कुठे घ्यायचा, सगळं त्यांनी माझ्याकडूनच करून घेतलं. मी विचारलं, ‘‘आणि चुकलं तर?’’

‘‘चुकलं तर टोचनार,’’ ते म्हणाले. ‘‘दुसऱ्यानं चुकवलं तरी टोचनार तुलेच हाय. मंग तूच चुकव.’’

त्यानंतर मी कॉलेजात गेले, शिक्षिका झाले, तीस वर्षं फळ्यापुढे उभी राहिले. बाबू गेले ते मला दोन महिन्यांनी कळलं. त्यांचे आभार मी कधी तोंडाने मानले नाहीत, याची खंत आहे. म्हणून हे लिहिते आहे. त्या फितीपासून आजवर अकरा कॅलिपर झाले. सगळ्यांची मापं मीच दिली. दोन चुकली आणि चांगलीच टोचली. ती दुरुस्त करून आणायलाही मी एकटीच गेले.