केसरबाईची घोडी आणि साहेबाचा शब्द

वडवणीच्या वाटेवर केसरबाई ताडीसारखी झिंगवणारी शिंदी विकायची. नवरा गेल्यावर त्याची तांबडी घोडी तेवढी तिच्याकडे राहिली होती. पहाटे शिंदीच्या बनातून ती घोडीवर मडकी लादून आणायची. निजामाच्या मुलखात रस्ता आखायला इंग्रज साहेब आला, तेव्हा त्याचा दुभाषी मोहनराव सरकारी कामाला म्हणून घोडी घेऊन गेला. घोडीचं काम संपलं, पण ती त्याच्याच दावणीला राहिली.

केसरबाई डोक्यावर मडकं घेऊन थेट तंबूवर गेली. तिची ओरड ऐकून साहेबानं मोहनरावाला काहीतरी विचारलं. मोहनराव एकच शब्द बोलला. साहेबानं मान हलवली आणि पुन्हा नकाशात डोकं घातलं.

"काय म्हणले?"

"घोडी कुठून आणली म्हणले. मी म्हणलं, गॉट."

"म्हंजी? हिसकली?"

मोहनराव हसला. "म्हंजी मिळाली. त्यांच्यात घोडी गॉट, सवय गॉट, नावबी गॉट. कुणाकडून, कशी, कुणी विचारीत न्हाई. चल, नीघ."

"लई सोयीचा शब्द हाय." तिनं मडकं उतरवून त्याच्यापुढं ठेवलं. "घ्या. सकाळची हाय, गोड."

दुसऱ्या दिवशीही ती आली. पैसे घेतले नाहीत. मग रोज थोडी उशिराची, थोडी जास्त आंबलेली देत गेली. सवय आपोआप लागते म्हणतात. लावणारं कुणी असलं की लवकर लागते. बाजाराच्या दिवशी ती भर गर्दीत हाक मारायची, "ओ शिंदीराव, मडकं ऱ्हायलं की तुमचं!" लोक हसायचे. नाव पडलं. तेही तिनंच पाडलं.

उन्हाळ्यात मोहनराव झोकांड्या देत साहेबापुढं उभा राहिला आणि साहेबानं त्याला हाकलून दिलं. नवा दुभाषी पाशा तंबूपाशी तिला म्हणाला, "साहेब बोलले, त्याला सवय गॉट, वाईट नाव गॉट."

"कुणी दिलं, ते न्हाई इचारलं?"

"न्हाई बा."

केसरबाईनं बाजूला बांधलेल्या घोडीच्या दाव्याला हात घातला. पाशा आडवा आला. "नको, मावशी. घोडी आता साहेबाची हाय."

"कशी काय?"

पाशानं खाली पाहिलं. "गॉट."

घोडी तिला ओळखून फुरफुरली. केसरबाईनं दाव्यावरचा हात काढला. तंबूच्या दारात साहेब घाम पुसत बसला होता. त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "पाशा, साहेबाला तहान लागली दिसती. इचार बरं, शिंदी चाखतेत का. सकाळची हाय, गोड."