ताटात लिहिलेलं नाव

सरकार आपल्याला माणूस मिळवून देणार, यावर माझा आधी विश्वासच बसला नाही. कासार आंबोलीत माझी लाँड्री आहे. मुळशीच्या रिसॉर्टांच्या चादरी आणि टॉवेल दर सोमवारी टेम्पो भरभरून येतात आणि गुरुवारी घड्या होऊन परत जातात. आवक-जावक संगणकावर ठेवायला मला माणूस हवं होतं. योजना साधी होती. काम शोधणाऱ्याने पोर्टलवर नाव नोंदवायचं, मी जागा नोंदवायची, आणि जोडी जमली की सहा महिन्यांचं विद्यावेतन सरकार थेट त्याच्या खात्यात भरणार. वय मात्र पस्तिसाच्या आत हवं. मी एक जागा टाकली.

माझी शेड ज्यांच्या जमिनीवर आहे त्यांना सगळा गाव अण्णा म्हणतो, मीही म्हणते. इकडची रीत अशी की ज्याची जागा, त्याच्या घरातलं एक माणूस कामावर घ्यायचं. कुठे लिहिलेलं नसतं, पण पाळावं लागतं. अण्णांनी आपला पुतण्या सुचवला. पुतण्याला मी चांगली ओळखत होते. त्याला काम नको होतं, कामावर असल्याचं सांगायला हवं होतं.

अर्ज आला तो अण्णांच्या सुनेचा. बी.कॉम. झालेली, लग्नाआधी दोन वर्षं एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलेली. मग बारा वर्षं भातलावणी, जनावरं आणि शनिवार-रविवारी येणाऱ्यांच्या बंगल्यांची झाडलोट. वयाची अट ओलांडायला तिला तीन महिने उरले होते. मी तिच्यापुढे आमचं रजिस्टर ठेवलं. तिने दहा मिनिटांत दाखवलं की एकाच रिसॉर्टचे उशांचे अभ्रे आम्ही दोनदा लिहिलेत. मी अण्णांना म्हटलं, रीत म्हणजे घरातलंच माणूस ना, हे काय घराबाहेरचं आहे?

पोर्टलने तिला नाकारलं. पदवीवर एक नाव, आधारवर दुसरं. आडनाव लग्नानंतर बदलतं हे सरकारलाही ठाऊक आहे, पण इथे पहिलं नावच वेगळं होतं. वरात दारात आली, ताटात आंबेमोहर पसरला, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले. पुढे आधार काढलं ते त्या नावाने. पदवीचं कपाटातच राहिलं. बारा वर्षं कुणाला त्याची गरजच पडली नाही.

रोजगार कार्यालयातला माणूस भला होता. त्याने चहा मागवला आणि समजावून सांगितलं की एक तर पदवीवरचं नाव बदला, बहुतेक जणी तेच करतात, नाहीतर आधारवरचं. काहीही बदललं तरी राजपत्रात नोंद लागेल. फारच घाई असेल तर दुसरा उमेदवार घ्या, यादीत पुष्कळ आहेत. मी तिच्याकडे पाहिलं. चहाला तिने हात लावला नव्हता.

"पदवी मी मिळवलीया," ती म्हणाली. "आधारावरलं नाव मला दिल्यालं हाय. तेच बदला."

ही बातमी आमच्याआधी गावात पोहोचली. अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळीच शेडवर हजर. पुतण्याचा विषय त्यांनी काढला नाही, तेवढे ते हुशार आहेत. सुनेला घराने नाव दिलंय, ते टाकणं म्हणजे घर टाकणं, लोक तोंडावर हसतील, असं बरंच बोलले. शेवटी म्हणाले की तीन महिन्यांनी शेडचा करार संपतोय, तवा बघू.

मला राग आला, आणि तो नुसता तिच्यासाठी नव्हता. माझंही नाव असंच ताटात बदललं. मी तेव्हा लाजून हसले होते, त्याची मला आजही चीड येते. माझ्या जुन्या नावाने हाक मारणारं शेवटचं माणूस म्हणजे माझी आई. मी अण्णांना म्हटलं की चादरी कुठल्याही शेडमध्ये धुता येतात आणि मशिनचे नटबोल्ट खोलायला अर्धा दिवस लागतो. रात्री बावधनला घरी गेल्यावर मात्र पगाराची वही काढून बसले. बावीस माणसं आहेत माझ्याकडे.

राजपत्राचा अर्ज तिने माझ्याच संगणकावर भरला. जुनं नाव विचारलं तिथे सासरचं लिहिलं, नवं नाव विचारलं तिथे आईबापांनी ठेवलेलं. तिचा नवरा कंपनीची बस चालवतो. त्याने हो म्हटलं नाही, पण आधार केंद्रावर तिला मोटारसायकलवरून सोडलं. वयाची मुदत संपायला नऊ दिवस असताना पोर्टलने तिला घेतलं.

मग करार आला. दर अकरा महिन्यांनी भाडेकरार नोंदवणारा एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशिन घेऊन शेडवरच येतो. अण्णा आले. शेजारच्या त्यांच्याच दोन शेड दिवाळीपासून रिकाम्या होत्या, त्यामुळे यावंच लागलं. पण माझी भाडेकरूची सही झाली तरी त्यांनी अंगठा लावला नाही, हात मांडीवरच ठेवले. दोन साक्षीदार लागतात. एक माझा सुपरवायझर. दुसरा नेहमी पुतण्या असायचा, तो रुसून आलाच नव्हता. एजंटला पुढे हिंजवडीला जायचं होतं. उशीर होतोय म्हणाला, तर आतून ती हात पुसत आली आणि खुर्चीवर बसली. कुणी बोलावलं नव्हतं.

तिने आधार क्रमांक सांगून मशिनवर अंगठा ठेवला. एजंटने पडद्यावर आलेलं नाव मोठ्याने वाचलं. या शेडमध्ये, अण्णांसमोर, ते पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. मग त्याने अण्णांना सवयीने विचारलं, "साक्षीदार ओळखीच्या आहेत ना तुमच्या? तसं लिहावं लागतं."

अण्णांनी मशिनकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत होती, पदर सारखा न करता.

"वळखतो," अण्णा म्हणाले. "सून हाय माझी."

"नाव बरोबर आहे?"

"तिला विचार की," ते म्हणाले, आणि मशिन जवळ ओढून त्यांनी अंगठा लावला.