दादाच्या आणि माझ्या मधली भिंत

मिस्त्री घरात शिरला की काम एक होतं आणि किस्से दहा. आमच्याकडे तर कामही धड झालं नाही, नुसते किस्सेच झाले! रोह्याला पाहुणा आला की मी ते सांगायला बसतो आणि सुषमा, माझी बायको, म्हणते, "झालं सुरू!"

मी धाटावच्या कंपनीत. नाईट असली की दिवसा झोपणार. शेजारच्या अर्ध्या घरात थोरला दादा. शेतावरून दुपारी आला की टीव्ही फुल्ल! मधलं दार वाळवीने खाल्लं होतं, उरली होती मोकळी जागा. एकदा कडाकडा भांडलो, बोलणं बंद झालं आणि ती जागा जिप्सम बोर्डाने बुजवायचं ठरलं. पेणच्या रामवाडीहून भास्करमिस्त्री आले.

*

त्यांनी आधी माप विचारलं. मी म्हटलं, "पस्तीस इंच." पलीकडून दादा, भिंतीला सांगितल्यासारखा, "छत्तीस!"

मिस्त्रींनी वर मोजलं, खाली मोजलं. "दोघंपण बरोबर. खाली पस्तीस, वर छत्तीस. भिंत वाकडी हाय, तुम्ही नाय!"

*

पत्र्याच्या पट्ट्यांची चौकट उभी राहिली. मिस्त्री एकटेच आलेले. मी विचारलं, "बोर्ड धरायला माणसं?"

"दोन लागतील. घरात हायत ना दोन?"

दोन महिने न बोललेले आम्ही भाऊ एकच बोर्ड धरून उभे! दादा मिस्त्रींना म्हणाला, "त्याला सांगा, जरा वर घे." मी म्हटलं, "त्याला सांगा, घेतलाय."

मिस्त्री म्हणाले, "मला ऐकू कमी येतं. तुम्हीच सांगा एकमेकांना."

मग काय करता! "दादा, डावीकडून सोड."

"सोडला. बोट सांभाळ रे."

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. बोर्डाआड होतो म्हणून निभावलं.

*

बोर्ड खाली अर्धा इंच जास्त भरला. मिस्त्री तो अंगणात नेऊन कापायला बसले. तेवढ्यात वहिनीने चौकटीतून हात घातला. "गो सुषमा, धर पटकन, भिंत बंद होईल! वालाचं बिरडं हाय."

मिस्त्री बोर्ड घेऊन आले. "लावू?"

सुषमा म्हणाली, "थांबा ओ! ताईंची बिरड्याची वाटी राहिली."

"मग द्या."

"रिकामी कशी देऊ? शिरा टाकते."

वाटीतून शिरा गेला, वर आमची ताटली झाकून. "लावू?"

आता वहिनी ओरडली, "थांबा! त्यांची ताटली हाय माझ्याकडं. घावन घालते."

घावन आले, सोबत वहिनीच्याच वाटीत चटणी! मिस्त्रींनी बोर्ड भिंतीला टेकवला आणि पिशवी आवरली.

*

दोन वर्षं झाली. बोर्ड तिथेच टेकलेला आहे. माझी नाईट असली की दादा टीव्ही आवाज बंद करून बघतो. भास्करमिस्त्रींचे उपकार फिटायचे नाहीत. तेही रोह्याला कामाला आले की हटकून येतात, स्क्रू मारायचं मशीन काढून चौकटीपाशी उभे राहतात.

"भांडं कोणाकडं हाय?"

दोन्ही स्वयंपाकघरांतून एकदम आवाज येतो, "आमच्याकडं!"