सहापैकी चार पिवळे

सकाळी सहा चाळीसला काकूंनी इन्क्युबेटरचं दार उघडलं. तबकातल्या सहा खळग्यांपैकी दोन गुलाबी होते. चार लिंबासारखे पिवळे; द्रव आंबट झाला की त्याचा रंग असा बदलतो.

प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढलेल्या या तंत्रज्ञ बाईंना सगळे काकूच म्हणत. तबकात एका सात वर्षांच्या मुलीच्या मूळपेशी होत्या, शेवटच्या कुपीतल्या; पुन्हा नमुना घ्यायला तिच्या डॉक्टरांनी नकार दिला होता. शरीराबाहेर वाढवताना या पेशी ऑक्सिजनच्या माऱ्याने आतून गंजत जातात. एक नवं औषध तो मारा आवरतं का, हे पाहायचं होतं.

औषध मुळातच आंबट. काल प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी मात्रा दुप्पट करायला सांगितली होती. काकूंचा नेम ठरलेला: अल्कलीचे थेंब टाकून आंबटपणा मारायचा, आंबटपणा दाखवणारी रंगपट्टी बुडवायची आणि तीच पट्टी बाटलीवर चिकटवायची. या नेमापायी त्यांनी नव्या मुलांना रडकुंडीला आणलं होतं. आता त्यांनी बाटली फिरवून पाहिली. कोरी. काल सुनेचा फोन आला, नातवाला शाळेतून आणायचं होतं, आणि बाटली तशीच फ्रिजमध्ये गेली. आज सकाळी सहा दहाला तीच चार खळग्यांत वापरली.

त्यांनी लगेच द्रव बदलला. सहाही खळगे गुलाबी. अजून कोणी आलेलं नव्हतं. गप्प बसलं असतं तर, पेशी मेल्या तरी, खापर औषधावर फुटलं असतं, आणि औषध काही तक्रार करायला येत नाही. काकूंनी नोंदवही उघडली आणि पेन उचललं.

साडेसातला आलेल्या मॅडमनी वही वाचली.

"अर्धा तास?"

"पूर्ण."

"वर 'माझी चूक' कशाला लिहिलंस? 'चूक' पुरे होतं."

"मग दुप्पट मात्रेवरून तुमचं नाव आलं असतं मध्ये."

मॅडम हसल्या नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली दोघींनी आळीपाळीने पाहिलं. बऱ्याच पेशी तळाला चिकटून होत्या. काही गोल होऊन तरंगत होत्या. त्या गेल्या. चिकटलेल्यांचं काय, ते चोवीस तासांनी कळणार. पन्नास टक्के उरल्या तर जुन्या मात्रेने पुन्हा सुरुवात, नाहीतर काम बंद, असं मॅडमनी सांगितलं आणि मुलीच्या डॉक्टरांना फोन लावायला गेल्या.

काकूंनी नवी बाटली केली, पट्टी बुडवली, चिकटवली. उद्या मोजणी सहा चाळीसला आहे, बाकी कोणी यायच्या आधी. दाराची किल्ली काकूंकडेच असते.