हिराआत्याचं कपाळ

अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळी सुटायच्या वेळी मी एका कारखान्याच्या गेटवर संघटनेची पत्रकं वाटत होते. हातातला निम्मा गठ्ठा शिल्लक असताना हिराआत्याच्या सुनेचा, अश्विनीवहिनीचा फोन आला. "आई गेल्या गं... दुपारी जरा पडते म्हणाल्या, त्या उठल्याच नाहीत." गठ्ठा पिशवीत कोंबला आणि रिक्षा पकडून उल्हासनगरला, कॅम्प चारला निघाले. हिराआत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला अंघोळ घालताना वांगणीहून आलेल्या एका म्हाताऱ्या चुलतीनं तिच्या कपाळावरून ओला हात फिरवला. "सोनंनाणं हितंच काढून ठेवायचं," ती म्हणाली, "ह्येवढं मात्र पोरीसंगती जानार." ह्येवढं म्हणजे गोंदण. भुवयांच्या जरा वर चार कोपऱ्यांत चार ठिपके, मधोमध पाचवा आणि हनुवटीवर एक. हिरवट, वयाबरोबर कडा पसरलेले.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला आणि माझा पाय अडखळला. साडी आत्याची, हसू आत्याचं, पण कपाळ भलत्याच कुणाचं तरी, गुळगुळीत. हनुवटीही तशीच. अख्खी गल्ली ज्या ठिपक्यांवरून या बाईला ओळखायची, ते कुणीतरी एका रात्रीत पुसून टाकले होते. घरात भिंतीवर लागलेला फोटोही तोच. महिना होत आलाय. माझा राग गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

गोंदणाबद्दल हल्ली जो तो हळवं बोलतो. आत्या कधीच बोलली नाही. तिचं गाव वांगणीच्या पुढे आत. भात घरात आलं की गोंदणारीण यायची. "मी असेन सहा-सात वर्षांची," आत्या सांगायची. "काकीनं हात धरले, आजीनं डोकं मांडीत दाबलं. ती बया गाणं म्हणतेय नि मी बोंबलतेय. काकीच्या दंडाला अशी चावले की संक्रांतीपर्यंत ती ज्याला त्याला दाखवत फिरत होती!" एवढं सांगून हसायची... आणि मग हात आपोआप कपाळाकडे जायचा.

लग्न होऊन ती कॅम्प चारला आली. खाली दुकानं, वर खोल्या, शेजार बहुतेक सिंधी. शेजारणी मायेच्या, तरी तिचं नाव पडलं ते 'टिपकेवाली'. तिच्या मुलाला, नितीनदादाला, शाळेत पोरं विचारायची, "तुझी आई आदिवासी आहे काय रे?" जणू आदिवासी असणं ही शिवीच. तेव्हापासून शाळेत जायचं असलं की आत्या आरशापुढे पत्र्याचा गोल डबा उघडायची आणि कपाळावर पावडर थापायची. हिरव्यावर पांढरं बसत नाही. कपाळाचा तेवढा भाग राखाडी दिसायचा.

पुढे ती अंबरनाथला प्लास्टिकच्या डब्यांच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. बाहेरचे पाहुणे यायचे असले की सुपरवायझर म्हणायचा, "हिराबाई, आज तुम्ही मागच्या लाइनला बसा हां." एकदा सगळ्या बायकांचा फोटो काढला. त्यात एका उंच बाईच्या खांद्याआड आत्याच्या पदराचं टोक दिसतं, बाकी काही नाही. तिला कुणी ओरडलं नाही, हाकललं नाही. असले अपमान असेच करतात, वाक्याच्या शेवटी 'हां' लावून. आणि घरातही काय वेगळं होतं? आत्याचे यजमान, आमचे काका गेले तेव्हा बायकांनी तिचं कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या, आणि कपाळावरच्या ठिपक्यांपाशी येऊन त्यांचे हात थांबले. कुणीतरी कुजबुजलं, "आता हे कसं काढायचं?" आत्या रडता रडता म्हणाली, "चामडी सोला."

मी कॉलेजात गेले, संघटनेत आले, तोवर जमाना फिरला होता. वर्गातल्या निम्म्या पोरींच्या मनगटावर काही ना काही काढलेलं. आत्याच्या कारखान्याच्या ऑफिसात नवी मॅडम आली, तिच्या मानेवर हे एवढं कमळ. तिला मागच्या लाइनला बसा हां, असं कुणी म्हटलं नाही. मी पेटले. महिला दिनाला भाषण ठोकलं, की गोंदण हा आपल्या आयांचा, आज्यांचा वारसा आहे, तो ताठ मानेनं मिरवा! टाळ्या पडल्या. आत्या पहिल्या रांगेत होती. परतताना रिक्षात म्हणाली, "भाषण बरं होतं. पण मला विचारून नव्हतं काढलं, तेवढं सांगायचं राहिलं तुझं."

"मग पावडर कुणाला विचारून लावतेस?" मी तडकले.

"पावडर माझ्या हातानं लावते गं," ती म्हणाली आणि बाहेर बघत राहिली.

दादासाठी मुलगी बघायला आम्ही बदलापूरला गेलो, तो दिवस मात्र मला जसाच्या तसा आठवतो. निघताना दादा म्हणाला, "आई, जरा..." आणि स्वतःच्या कपाळाला बोट लावलं. आत्यानं निमूट दोन थर दिले. ऐन मे महिना. पोहे पुढ्यात आले आणि लाइट गेली. घामानं पावडरीचे ओघळ नाकापर्यंत आले, सगळे मुद्दाम पंख्याकडे बघत बसले. मुलीच्या मनगटावर चिकटपट्टी होती. "विळी लागली हो सकाळी," तिची आई दोनदा म्हणाली. कप आत ठेवायच्या निमित्तानं आत्या उठली, मागोमाग मी. मुलगी मोरीपाशी कप विसळत होती. पट्टी भिजून लोंबत होती आणि तिच्याखाली एक निळं मांजर शेपटी वर करून बसलेलं.

आत्या वाकून बघत म्हणाली, "विळीनं मांजर काढलं होय गं?"

मुलीनं मनगट पाठीमागे लपवलं. मग तिनं आत्याकडे नीट पाहिलं आणि हळूच म्हणाली, "काकू... तुमची पण पट्टी सुटलीय."

दोघी इतक्या हसल्या की मुलीची आई धावत आली. आत्यानं पदराचं टोक भिजवलं, कपाळ आणि हनुवटी लख्ख पुसली आणि तशीच बाहेर येऊन बसली. "मुलगी पसंत आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "विळीबिळी काय लागलेली नाही, मांजर आहे. आम्हाला चालतं. आमचंही बघून घ्या, मागाहून तक्रार नको." ती मुलगी म्हणजे अश्विनीवहिनी.

त्या दिवसानंतर तो डबा उघडला गेला नाही. लग्नाच्या हळदीचा फोटो आहे. त्यात आत्या पहिल्या रांगेत मधोमध उभी आहे, पदर मागे सारलेला, कपाळ उजेडात. सबंध आयुष्यात तिनं स्वतःहून पुढे येऊन काढलेला एकच फोटो. आणि फ्लेक्ससाठी नेमका तोच घेऊन पुसला होता.

फ्लेक्सचा फोटो करून देणाऱ्या कॅम्प दोनमधल्या स्टुडिओत मी गेले ती भांडायच्या तयारीनं. मालक म्हातारे सिंधी अंकल, चष्मा कपाळावर. शांतपणे म्हणाले, "बेटा, आपण सगळ्यांचा फेस क्लीन करून देतो. दाग, मस्से, सब. मयत के फोटो में कोई दाग रखता है क्या?"

"ते डाग नाहीत अंकल, गोंदण आहे."

"गोंदण मतलब... टॅटू? अरे, तो पहले बोलना था ना! टॅटूला आम्ही हात नाही लावत. लडके लोग तर उलट सांगतात, अंकल, और डार्क करके दो."

मला ओरडायचं होतं. पण ओरडणार कुणावर? माणूस खोटं बोलत नव्हता. तीच सुई, तीच शाई, तेच रक्त. काचेच्या दारामागे एसीत बसून काढलं तर टॅटू, खळ्यावर बाईच्या मांडीत डोकं दाबून काढलं तर डाग! वर या डागाला नावं ठेवणारे आपणच, आणि आता त्याचीच नक्षी छापलेल्या पिशव्या खांद्याला लावून फिरणारेही आपणच.

त्यांच्याकडून मूळ फोटो छापून घेतला आणि थेट घरी गेले. दादानं कागद बघितला आणि परत दिला. "भिंतीवरचा आहे तोच राहील."

"त्यात आत्या पुसलीय, दादा."

"तुझा तू संघटनेच्या ऑफिसात लाव. माझ्या आईच्या कपाळावर आंदोलन नकोय मला."

"लाज वाटते ना तुला? अजून?"

तो भिंतीवरच्या फोटोकडे वळला. मग म्हणाला, "शाळेत अशीच यायची ती. अर्धी रजा टाकून, कारखान्यातून धावत. गेटाबाहेर थांबून पर्समधला आरसा काढायची, मी वरच्या वर्गातून बघायचो... कुणासाठी लावायची ती पावडर? एकट्या माझ्यासाठी. तू लाज म्हण. मला या फोटोला त्या पावडरीचा वास येतो."

मी कागद पिशवीत सरकवला. मला तो चूकच वाटतो, आणि तरी छापलेला फोटो मी पिशवीतून पुन्हा बाहेर काढला नाही.

परवा गेले तेव्हा वहिनीनं दार उघडलं. भिंतीवर तोच फोटो... आणि कपाळावर ठिपके. पाच वर, एक हनुवटीवर. मी जवळ गेले. ठिपके फोटोवर नव्हते, काचेवर होते. वहिनी अंबरनाथला रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. तिथे काचेच्या नळ्यांवर नावं लिहायचा हिरवा मार्कर तिनं आणला होता.

"दादा काय म्हणाला?"

"काही नाही. काल सकाळी बघितलं, चहा प्यायले, गेले कामाला."

फ्रेम खोल आहे, काच आणि फोटो यांच्यात बोटभर अंतर. त्यामुळे दारातून बघितलं तर ठिपके एका भुवईवर सरकतात, स्वयंपाकघरातून बघितलं तर दुसरीवर. आत्याच्या अगदी समोर, तिच्या नजरेला नजर देऊन उभं राहिलं तरच ते जागेवर बसतात. मी तशी उभी होते, तेवढ्यात दादा आतून आला. रोज अंघोळ झाली की तो फोटो पुसतो. फडक्यानं आधी कडा पुसल्या, मग साडी, मग गाल. कपाळाशी आल्यावर त्यानं फडकं बोटाच्या टोकाला घट्ट गुंडाळलं, आणि एकेक ठिपका चुकवत, मधली मधली काच सावकाश पुसत राहिला.